हातगुण

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



कैरीची डाळ आणि पन्हे झाल्यावर कोणाचे भाषण ऐकत बसावे लागणे हा खरे म्हणजे तुमच्यावर जुलूमच आहे. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी विषय असा दिला की मला नाही म्हणवेना. "घरच्या घरी जाईची फांदी कशी लावावी, एवढेच सांगा," असे त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढे म्हणाल्या, "तुमचा हातगुण चांगला आहे ना, म्हणून!"

मैत्रिणींनो, आज मला बोलायचे आहे ते या हातगुणाविषयीच. अमकीचा हातगुण चांगला, तिने काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, असे आपण सहज म्हणून जातो. ऐकणारीलाही बरे वाटते. पण या शब्दाची दुसरीही बाजू आहे. एकीचा हात चांगला म्हटला की दुसरीचा वाईट ठरतो. मग "तुझ्या हाताने काही जगतच नाही" हे वाक्य घराघरांतून ऐकू येते, आणि ते ऐकणारी बहुधा घरातली सर्वांत धाकटी सून असते. वेल वाळते ती कोणत्या तरी कारणाने वाळते. ते कारण शोधायचे सोडून आपण माणूस शोधतो. म्हणून आज मी तुम्हांला हातगुण म्हणजे काय असतो ते उकलून दाखवणार आहे. तो कोणाच्या नशिबात लिहिलेला नसतो. पाच-सहा गोष्टी नेमाने केल्या की तो कोणालाही साधतो.

आधी आपण कोणत्या वेलीविषयी बोलतो आहोत ते निश्चित करू या, कारण जाई, जुई आणि चमेली ही नावे आपल्याकडे एकमेकींत फार मिसळतात. जाईचे पान म्हणजे एका देठावर समोरासमोर लागलेली सात-नऊ लहान पाने, आणि शेवटचे टोकाचे पान जरा मोठे. कळी बाहेरून गुलाबी छटेची, आणि फूल उमलले की पांढरे. जुईच्या देठावर मुख्य पान एकच. त्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या पाळ्यांसारखी दोन इवली पाने असतात, कधी तीही नसतात. मोगऱ्याचे पान सरळ एकटे. मी सांगणार आहे ती रीत जाईची. पण जुई आणि मोगरा यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

आता जाईची एक खुबी पाहा. तुळशीच्या मंजिऱ्या चोळल्या की बी पडते. गोकर्णाला शेंग येते. झेंडूचे फूल वाळवून ठेवले की पुढच्या वर्षीची सोय झाली. पण जाईचे बी तुमच्यापैकी कोणी डब्यात जपून ठेवले आहे काय? ठेवले नसणार. आपल्या अंगणातल्या जाईला बी धरलेले सहसा दिसतच नाही, आणि शेतकीची पुस्तकेही तिच्यासाठी फांदीचे कलम किंवा दाबाचे कलम हाच मार्ग सांगतात. याचा अर्थ असा की, आपल्या दारी जी जाई आहे ती कोणी तरी कोणाला तरी हाताने दिलेली आहे. तिला देणारीलाही दुसऱ्या कोणी दिलेली असणार. आणि फांदीपासून झालेली वेल ही मूळ वेलीची लेक म्हणावी, तर तसेही नाही. ती तीच वेल असते. तोच वास, तीच गुलाबी कळी, तोच बहराचा काळ. आजेसासूबाईंनी माहेरून आणलेल्या जाईची फांदी आज तुम्ही लावलीत, तर आजेसासूबाईंचीच जाई तुमच्या दारात पुन्हा उभी राहते.

ही गोष्ट आपल्या गावापुरती नाही. फ्रान्स देशात ग्रास नावाचे गाव अत्तरांसाठी जगात प्रसिद्ध आहे. तेथेही हीच जाई लावतात. तिकडची थंडी तिला सोसत नाही, म्हणून हिवाळ्यात वेलीच्या बुंध्यावर माती चढवून ती झाकून ठेवतात. त्या भागातली सुगंधी फुलांची लागवड आणि अत्तराची कला यांना २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या तमिळनाडूत जाईला पिच्ची म्हणतात, आणि तेथे तिची शेतेच्या शेते आहेत. तेथली लागवडही फांद्यांच्या आणि दाबाच्या कलमांचीच. एवढा मोठा व्यापार चालतो, तो अखेर कोणी तरी फांदी कापली, ओलाव्यात ठेवली आणि जगवली, यावरच.

हे सगळे मी आज का सांगते आहे, तेही बोलून टाकते. वरच्या आळीतल्या जुन्या वाड्यातली जाई तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. धाब्यावर चढलेली, आडाच्या कठड्यावरून पलीकडे उतरलेली. महालक्ष्म्यांच्या दिवशी गावातल्या निम्म्या घरांची वेणी तिच्या फुलांची असते. गणपतीच्या एकवीस पत्रींत जाईचे पान लागते, तेव्हा पोरे तिकडेच धाव घेतात. भुलाबाईच्या दिवसांत मुली गाणी म्हणून घरी निघाल्या की ओंजळभर फुले तेथूनच घेतात. तो वाडा या दिवाळीनंतर पाडायचा ठरला आहे. धाबे गळते, भिंती सुटल्या, त्या घरच्यांना पक्के घर हवे आहे, आणि त्यांत त्यांचे काहीही चुकत नाही. आपण तेथे राहत नाही. राहणाऱ्यांनी पावसाळ्यात अंथरुणे कोठे हलवायची, हे आपण सांगू नये. परंतु वेल मात्र जाणार. एवढा जुना बुंधा उपटून दुसरीकडे लावला तर तो जगेल याचा भरवसा नाही. म्हणजे येणारा पावसाळा हा त्या जाईचा शेवटचा पावसाळा आहे. आणि आपण फांद्या लावल्या, तर तो शेवटचा नाही. त्या घरच्या काकूंना मी विचारले आहे. त्या म्हणाल्या, "न्या गं, हव्या तेवढ्या न्या."

आता फांदीत नेमके काय घडते ते पाहू. फांदी वेलीवर असते तोवर तिला पाणी मुळांकडून मिळते. कापली की पाणी यायचे बंद झाले. पण पानांतून पाणी उडून जाणे बंद होत नाही. जणू उत्पन्न थांबले आणि घरखर्च तेवढाच राहिला. साठलेल्या पुंजीवर दिवस काढायचे आणि तेवढ्यात नवी मुळे फोडायची, अशी ही शर्यत असते. कापलेल्या टोकाला आधी एक पांढरट गाठ येते, आणि मग डोळ्याजवळून व त्या टोकाकडून मुळे निघतात. मुळे फुटण्याआधी पुंजी संपली तर फांदी वाळते. पाणी फार साचले तर ती कुजते. या दोन संकटांच्या मधून तिला महिना-दीड महिना सांभाळून न्यायचे, एवढेच आपले काम. ते करणारीला लोक म्हणतात, हिचा हातगुण चांगला!

मुळे फोडणारा एक पदार्थ वनस्पती स्वतःच तयार करते. हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९२८ साली ओटच्या कोंबांवर प्रयोग करून वाढीच्या या द्रव्याचा पुरावा दिला. हे द्रव्य कोवळ्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होते आणि तेथून खाली उतरते. म्हणून कापलेल्या फांदीच्या खालच्या टोकाशी ते साठते, आणि मुळे तिकडेच फुटतात. उलटी खोचलेली फांदी का जगत नाही, आणि वरची दोन पाने का राखायची, याचे कारण हेच. खताच्या दुकानात मुळे फुटण्याची पांढरी पावडर मिळते, तीही याच जातीच्या द्रव्याची केलेली असते. हवी तर आणा. पण जाईला तिच्यावाचून अडत नाही.

आता एकेक गोष्ट क्रमाने घेऊ.

पहिली गोष्ट वेळेची. माझे माहेर घाटावरचे, मेहकरकडचे. लग्न होऊन घाटाखाली आले तेव्हा येथले ऊन म्हणजे काय ते कळले. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वारा भट्टीतून आल्यासारखा कोरडा असतो. त्या दिवसांत कापलेली फांदी चार तासांत माना टाकते. म्हणून आज माझे भाषण ऐकून कोणी लगेच कात्री घेऊन वाड्याकडे जाऊ नका! मृगाचा पाऊस पडून जाऊ द्या. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य या नक्षत्रांत हवेतच ओल असते, आभाळ झाकोळलेले असते, आणि वेलीलाही नवा जोम आलेला असतो. आषाढ हा फांदी लावण्याचा महिना. श्रावणातही चालते.

दुसरी गोष्ट फांदी निवडण्याची. हिरवाकंच लुसलुशीत शेंडा घेऊ नका, तो कुजतो. जुनी खोडासारखी झालेली काठीही घेऊ नका, तिला मुळे फुटायला फार वेळ लागतो. मधली घ्या, जिची साल हिरवी सोडून तपकिरी व्हायला लागली आहे, जी वाकवली तर वाकते पण फार वाकवली तर कट्कन मोडते. जाडी शिसपेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी. कळ्या असलेली फांदी नको. तिची सारी पुंजी फुलांत जाते. फांदी सकाळी लवकर कापावी, कारण रात्रभर पाणी पिऊन ती तेव्हा भरलेली असते. कापल्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळावी.

तिसरी गोष्ट कापण्याची. वीतभर लांबीचा तुकडा घ्यावा, त्यावर तीन-चार डोळे असावेत. पानांची जोडी जेथून फुटते ती जागा म्हणजे डोळा. खालचा काप शेवटच्या डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा काप वरच्या डोळ्याच्या बोटभर वर, आडवा सरळ. असे केले की कोणते टोक खालचे आणि कोणते वरचे याचा गोंधळ होत नाही. दहा फांद्या एकत्र असल्या की तो होतोच. पाते धारदार हवे. भाजी चिरायच्या बोथट विळीने दाबून कापले तर साल चेचते, आणि चेचलेल्या जागी कूज शिरते. खालची सगळी पाने काढून टाकावीत. वरची एक जोडी ठेवावी, आणि तीही मोठी असली तर कात्रीने अर्धी करावी. खर्च कमी, पण अगदी बंद नाही. वरच्या कापाला शेणाचा पातळ ठिपका लावला म्हणजे तेथून ओल उडत नाही.

हा शेणाचा लेप काही माझ्या सासूबाईंचा शोध नव्हे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली, तिच्यात वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. फणस, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष यांच्याबरोबर अतिमुक्तक नावाच्या फुलवेलीचाही तेथे उल्लेख आहे, आणि यांच्या फांद्यांना शेणाचा लेप देऊन त्या लावाव्यात असे सांगितले आहे. लावलेल्या रोपांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, हिवाळ्यात एक दिवसाआड द्यावे, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच द्यावे, असेही तो सांगतो. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही एका अक्षराने बदलावा लागत नाही. त्यातले शेवटचे वाक्य, पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच पाणी, हे तर आपण सर्वांनी पाठ करावे.

कारण चौथी गोष्ट मातीची आहे, आणि आपल्या गावच्या बहुतेक फांद्या तेथेच दगावतात. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी; वावरात तिच्यासारखी दुसरी नाही. पण बिनमुळाच्या फांदीला ती मानवत नाही. ओली झाली की फुगते, चिकट होते, आतली हवा कोंडते. सुकली की तडकते, आणि तडकताना नाजूक मुळे तोडते. फांदीला मुळे फुटायला ओल जितकी हवी तितकीच हवाही हवी. म्हणून फांदी वाळूत लावावी. हल्ली कोठे ना कोठे बांधकाम चालूच असते. पाटीभर जाड वाळू मागून आणावी, चाळावी आणि दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावी. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा अर्धा कापून त्याच्या बुडाला पाच-सहा भोके पाडावीत, भोकांवर फुटक्या माठाच्या खापऱ्या उपड्या ठेवाव्यात आणि वर वाळू भरावी. खत मुळीच घालू नये. तान्ह्या बाळाला पुरणपोळी भरवण्यासारखे ते होते. आधी काडीने भोक पाडावे, मग फांदी त्यात सोडावी. फांदीनेच भोक पाडायला गेले तर साल सोलते. खालचे दोन डोळे वाळूत, वरचे दोन बाहेर. बाजूने वाळू बोटांनी घट्ट दाबावी.

पाण्याविषयी आणखी एक सांगते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या बायका येथे लेकी-सुना म्हणून आल्या आहेत, त्यांना मचूळ पाणी पिकाचे काय करते ते सांगायला नको. नव्या मुळांना खारट पाणी सोसत नाही. ज्यांच्या बोअरला क्षार आहेत त्यांनी पागोळीखाली कळशी ठेवून पावसाचे पाणी साठवावे आणि डब्याला तेच घालावे.

पाचवी गोष्ट सावलीची. डबा ओट्यावर किंवा न्हाणीच्या भिंतीच्या आडोशाला ठेवावा, जेथे उजेड आहे पण ऊन नाही. अंगणातच ठेवायचा असेल तर चार काठ्या रोवून वर तुराट्यांचा मांडव करावा. उजेड झिरपतो आणि उन्हाचा ताव लागत नाही. पाऊस उघडून आठवडाभर ऊन पडले तर फांद्यांवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी उपडी घालावी, आणि सकाळी थोडा वेळ काढून ठेवावी. तिच्या आत पानांची ओल पानांपाशीच राहते.

सहावी गोष्ट धीराची, आणि ती सर्वांत अवघड. आठ-दहा दिवसांत डोळ्यातून कोवळी पालवी डोकावते, आणि आपण शेजारणीला हाक मारतो, "लागली गं फांदी!" पण पालवी फुटली म्हणजे मूळ फुटले असे नव्हे. ती पालवी साठलेल्या पुंजीवरची असते. तेवढ्यावर आनंदून डबा उन्हात ठेवला की चार दिवसांत सारे कोमेजते. त्याहून वाईट म्हणजे मूळ आले का ते बघायला फांदी उपटणे. घरात लहान मुले असली तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. मोठ्यांनीही जरा हात आवरावा. पाच-सहा आठवडे झाले की फांदी अगदी हलक्या हाताने ओढून पाहावी. तिने आतून धरून ठेवल्यासारखे वाटले तर मूळ आले. मग वाळू ओली करून मुळांसकट काढावी आणि अर्धी माती, पाव भाग कुजलेले शेणखत आणि पाव भाग वाळू अशा मिश्रणात कुंडीत लावावी. दहा फांद्या लावल्या तर चार-पाच जगल्या तरी समाधान मानावे. म्हणूनच एक फांदी लावून नशिबाची परीक्षा पाहू नये. नेहमी दहा लावाव्यात.

एवढे सांगून झाल्यावर आता आपल्या काही समजुतींकडे वळते. चोरून आणलेली फांदी हटकून लागते, असे सगळेच म्हणतात. हे अगदी खोटे नाही, पण कारण वेगळे आहे. चोरणारी बाई भल्या पहाटे जाते, पटकन एक चांगली फांदी तोडते, पदराखाली झाकते आणि घरी येऊन तडक लावून टाकते. म्हणजे वेळ, सावली आणि घाई, तिन्ही आपोआप साधतात. मागून घेणारी दुपारी जाते, चहा होतो, गप्पा होतात, फांदी कट्ट्यावर उन्हात पडून राहते, आणि लावायची ती दुसऱ्या दिवशी. तेव्हा चोरी करू नका. चोराची तत्परता मात्र घ्या.

दुसरी समजूत इतकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बाहेरची बसलेल्या बाईचा हात लागला, सावली पडली, की वेल जळते, असे आपल्यापैकी पुष्कळजणी अजून मानतात. आणि मानत नाहीत त्याही घरात शब्द नको म्हणून गप्प राहतात. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका घरी नवी सून आली. माहेरची आठवण म्हणून तिने मोठ्या हौसेने जाईची फांदी आणली होती. ती वाळली. "तू त्या दिवसांत हात लावलास," असे घरात ठरले, आणि पुढे दूध नासले, लोणच्याला बुरी आली, तरी बोट तिच्याकडेच वळू लागले. मी त्या घरी गेले तेव्हा वाळलेली काडी अजून जागेवरच होती. पश्चिमेच्या भिंतीला, भर उन्हात, काळ्या मातीत, वैशाख महिन्यात लावलेली! साक्षात वराहमिहिराने येऊन लावली असती तरी ती जगली नसती. पण कोणी भिंतीकडे पाहिले नाही, मातीकडे पाहिले नाही. सगळ्यांनी त्या मुलीकडे पाहिले.

त्यानंतरच्या आषाढात मी माझ्या घरी दोन डबे लावले. वाळू एकच, वेल एकच, जागा एकच. एका डब्यातल्या फांद्या मी लावल्या. दुसऱ्यातल्या माझ्या नातीने तिच्या चार दिवसांत लावल्या आणि पाणीही त्या दिवसांत तिनेच घातले. त्या डब्यावर मी चुन्याची फुली काढून ठेवली होती. भाद्रपदात दोन्ही डब्यांतल्या फांद्या सारख्याच फुटलेल्या होत्या. फुलीच्या डब्यातली एक वेल आज माझ्या देवघराच्या खिडकीवर आहे आणि तिची फुले रोज देवाला जातात. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याशी वाद घालू नये, स्वतः दोन डबे लावून पाहावेत. पत्र्याच्या डब्याला आणि वाळूला कोणाची भीडभाड नसते.

ज्यांना डोळे कमी दिसतात, कात्री धरवत नाही, अशा आजींसाठी एक सोपी रीत आहे. तिला दाबाचे कलम म्हणतात. वेलीची जमिनीलगतची लांब फांदी खाली वाकवायची, एका डोळ्याजवळची साल खालच्या बाजूने किंचित खरवडायची, तेवढा भाग चार बोटे मातीत पुरायचा आणि वर एक दगड ठेवायचा. शेंडा बाहेर राहू द्यायचा. फांदी वेलीला लागलेलीच असल्यामुळे तिचे पाणी तुटत नाही, म्हणून ती वाळण्याची धास्ती फार कमी. तीन महिन्यांनी मुळे धरली की आईकडची बाजू कापून वेगळी करायची. दगड मात्र अधूनमधून ओला करत जा. त्याच्या खाली गारवा टिकतो.

आणि ज्या मुली भाड्याच्या एका खोलीत राहतात, ज्यांना अंगणच नाही, त्यांनी हिरमुसू नये. त्यांच्यासाठी ऑफिस टाइम आहे. कोणी तिला चिनी गुलाब म्हणते. नावात चीन असला तरी ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. जाड रसाळ बारीक पाने, आणि सकाळी ऊन वर आले की उमलणारी लाल, पिवळी, गुलाबी फुले. टांगलेल्या करवंटीतून ती खाली लोंबते तेव्हा खिडकीला तोरण लावल्यासारखे दिसते. तिची फांदी म्हणजे हात बसवण्याची पहिली शाळा. दोन बोटे लांबीचा तुकडा तोडायचा, दिवसभर सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्यायची, आणि भोके पाडलेल्या करवंटीत वाळूमिश्रित मातीत खोचायचा. आठ-दहा दिवसांत ती मूळ धरते. तिला ऊन भरपूर हवे आणि पाणी बेताचे. जाईच्या उलट स्वभाव! म्हणूनच म्हणते, फांदी कोणाची आहे ते ओळखून वागणे हाच हातगुण.

आता शेवटचे, कामाचे. माझी मंडळाला एक सूचना आहे. आषाढातल्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आपण वाड्यात जमू. येताना प्रत्येकीने ओले फडके आणि धारदार चाकू आणावा, आणि घरी वाळूचा डबा भरून तयार ठेवावा. काकूंच्या समोर, त्या सांगतील तेथूनच फांद्या घेऊ. प्रत्येकी दहा, जास्त नाही. वेल ओरबाडून न्यायची नाही. लेकी-सुनांनाही बरोबर आणा, आणि त्या दिवशी कोणाची कोणती तिथी आहे याची चौकशी कोणी करू नका.

आषाढात लावलेल्या फांद्या भाद्रपद-आश्विनात कुंडीत जातील. पौषात संक्रांत येईल तेव्हा त्या हातभर उंचीच्या, जून झालेल्या वेली असतील. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो. प्लास्टिकच्या डब्या, स्टीलच्या वाट्या आता सगळ्यांच्या फडताळात मावेनाशा झाल्या आहेत. यंदा आपण जाईची रोपे लुटू या. रोप घेणारीने पहिला उन्हाळा ते कुंडीतच, सावलीला काढावे आणि पुढच्या मृगाला जमिनीत लावावे. आणि पहिले रोप वाड्यातल्या काकूंना द्यायचे, नव्या घराच्या दारात लावायला. ते त्यांचेच आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेते. डाळ उरली असेल तर मला ठेवा.